मारुती 800 : क्लच प्लेट गेली की पेडलची असेंब्ली? (डिचोली, गोवा)

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी मारुती 800, 2004 ची, एमपीएफआय, चार गिअरची, जीए-04 पासिंग. आधी वडील चालवायचे, आता मी चालवते. डिचोलीहून मये, चोडण करत रायबंदरच्या फेरीने पणजी, असा माझा रोजचा रस्ता. फेरीच्या उतारावर हाफ क्लचवर गाडी धरायची वेळ रोज येते.

पाऊस सुरू झाल्यापासून क्लचचं पेडल कुरकुरायला लागलं. पहिल्यांदा नुसता आवाज होता. आता पेडल पार तळाला टेकवल्याशिवाय गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं आणि पाय ठेवला की पेडल आडवं हलतं, ब्रेकच्या बाजूला झुकतं. एका गॅरेजात दाखवली. ते एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, प्लेट संपली, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण सेट टाकावा लागेल. डॅशबोर्डखाली कोणी बघितलंच नाही.

धाकटा भाऊ डिचोलीच्या आयटीआयत मेकॅनिक डिझेल करतोय. तो म्हणतो, प्लेट गेली असती तर चढावर इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी पुढे सरली नसती. आपली गाडी चढ व्यवस्थित ओढते. त्याचा संशय पेडलच्या ब्रॅकेटवर आहे. असेंब्ली घरीच बदलू म्हणतो. हे काम घरी होण्यासारखं आहे का? आधी काय तपासावं? चवथीच्या आधी गाडी हाताशी लागणार आहे, घरी येणंजाणं खूप असतं.

---

पाना_बारा

ताई, तुमच्या भावाचं बरोबर आहे. मी फोंड्याला गॅरेज चालवतो. 800, ओम्नी आणि जुन्या झेन अजूनही माझ्याकडे येतात.

तुमच्या गाडीचा क्लच वायरवर चालतो. त्यात प्लेट झिजली की प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात. मग पेडलचा फ्री प्ले, म्हणजे जड लागायच्या आधीची मोकळी चाल, कमी होतो आणि क्लच वर उचलायला लागतो, म्हणजे पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलते. तुमच्याकडे नेमकं उलट चाललंय. क्लच खाली तळाशी उचलतोय, गिअर अडतोय, म्हणजे प्लेट नीट सुटत नाही. पायाने दाबलेली चाल गिअरबॉक्सपर्यंत पोचायच्या आधी वाटेत कुठेतरी खर्च होते आहे. कुठे, ते शोधायचं. गिअरबॉक्स उतरवायची भाषा त्यानंतर.

इंजिन बंद ठेवा. पेडल हाताने धरून डावीउजवीकडे हलवा. किंचित हललं तर चालतं, पण वरच्या पिनेपाशी खडखड जाणवली तर बुश, म्हणजे पिनेभोवतीची प्लास्टिकची नळी, गेला. मग कोणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च लावून खालून व्हिडिओ काढा. पेडल खाली जाताना ब्रॅकेटही वाकतंय का, त्याच्या वेल्डिंगच्या कडेला फट उघडतेय का, ते बघा. दाबलेलं असतानाच फट दिसते, सोडलं की मिटते, म्हणून व्हिडिओ हवा.

बॉनेट उघडून तेच परत करा, पण या वेळी नजर वायरचं बाहेरचं कवच फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, बसतं त्या जागेवर. तिथला पत्रा आतबाहेर होत असेल तर नवं पेडल टाकून काही साधणार नाही, आधी पत्र्याचं काम. शेवटी गिअरबॉक्सवरच्या आर्मकडे बघा. पेडल पूर्ण दाबल्यावर तो किती फिरतो आणि वायरची टोकं पिंजलीत का. एवढं बघून इथे सांगा.

---

तांबडी_माती

माझ्या 800 चं ब्रॅकेट असंच फुटलं होतं. साखळी गावात गॅसवर वेल्डिंगचा टाका मारून घेतला, तासाभरात काम झालं. गाडी पुढे बरीच वर्षं चालली आणि विकली तेव्हाही तोच टाका होता. फट असली तर जोडून घ्या. अख्खी असेंब्ली बदलायची म्हणजे अर्धा डॅशबोर्ड उघडायचा, आणि जुन्या गाडीची प्लास्टिकं एकदा उघडली की परत जागेवर बसत नाहीत.

---

चोर्ला_उतार

माझी पिकअप आहे, बेळगावहून चोर्ला घाटाने भाजी घेऊन साखळीला येतो. माझंही पेडल हल्ली खाली जातं. घाटात वळणावर दुसरा टाकताना दोनदा दाबावं लागतं. पण माझ्यात वायर नाही, तेलाचा क्लच आहे. हेच तपासू का?

---

पाना_बारा

@चोर्ला_उतार भाऊ, तुमचं तपासणं वेगळं. तेलाच्या क्लचमध्ये पेडलचा रॉड मास्टर सिलिंडर दाबतो, तेल नळीतून खालच्या सिलिंडरला जातं आणि तो फोर्क ढकलतो. दोनदा दाबल्यावर गिअर पडतो म्हणजे आत हवा शिरलीय किंवा रबर गळतंय. आधी टाकीतली तेलाची पातळी बघा. मग मॅट उचलून पेडलचा रॉड फायरवॉलमध्ये शिरतो तिथल्या रबरी टोपीला बोट लावा. ओलं असेल तर मास्टर गेला. गाडीखाली वाकून गिअरबॉक्सपाशी ओलं दिसलं तर खालचा गेला. दोन्ही कोरडे असून पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय.

तेल ढाकणावर लिहिलेलंच टाका, डॉट 3 किंवा डॉट 4. आपल्याकडची हवा दमट आणि हे तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे अर्धी वापरून ठेवलेली बाटली नको. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलून काढतं.

घाटात असं चालवू नका. बाजारापुरती गाडी फिरवा, पण घाट नको.

---

मांडवीकाठ

सगळं बघितलं. भाऊ गाडीखाली, मी पेडलवर, आई टॉर्च धरून.

पेडल आडवं चांगलंच हलतं. वरच्या पिनेभोवती तांबड्या गंजाची भुकटी जमलीय, बोट लावलं की गळते. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय : पेडल अर्ध्यावर गेलं की ब्रॅकेटच्या डाव्या कानाशी, जिथे तो मुख्य पत्र्याला वेल्ड केलाय, तिथे फट उघडते. नख शिरेल एवढी. सोडलं की पुन्हा केसासारखी बारीक रेघ. वायरच्या आतल्या टोकाला हुकापाशी दोन-तीन तारा तुटून बाहेर आल्यात. फायरवॉलचा पत्रा हलत नाही. गिअरबॉक्सवरचा आर्म फिरतो, पण कमी.

आणखी एक. मॅटखालचा नमदा ओला आहे. पुढच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून पाणी येतं आणि थेट या ब्रॅकेटवर टपकतं. गाडी फणसाखाली उभी असते.

@तांबडी_माती काका, टाका मारून चालेल का? बाबाही तेच म्हणताहेत.

---

पाना_बारा

ताई, निदान झालं. बुश गेलाय, ब्रॅकेट फुटलंय, वायर तुटायच्या बेतात आहे. प्लेटला हात लावायची गरज नाही.

टाक्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि काकांचा मान राखून सांगतो. तुमच्या ब्रॅकेटवर नको. याच ब्रॅकेटवर शेजारी ब्रेकचं पेडल बसलेलं आहे. क्लचच्या बाजूचा कान तुटला तर गिअर पडणार नाही, गाडी कडेला घेऊन उभी करता येईल. पण गंजलेल्या पत्र्याला टाका मारला की टाक्याच्या शेजारचा पत्रा उष्णतेने आणखी कमजोर होतो आणि पुढची चीर तिथूनच धावते. ती ब्रेकच्या पिनेकडे गेली तर? शिवाय गाडीत बसवलेल्या जागीच गॅस लावला तर वर वायरिंग, खाली नमदा, बाजूला फोम. पेट घ्यायला एवढं पुरे. पत्रा गंजलेला नसेल, ब्रॅकेट बाहेर काढलेलं असेल आणि चांगला मिग वेल्डर असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तांबडी भुकटी गळतेय, म्हणजे पत्रा आतून खाल्लेला आहे.

एकदा ब्रॅकेट बाहेर काढायचे कष्ट घेतलेच, तर परत जाताना चांगलंच आत जाऊ दे.

---

तांबडी_माती

माझा पत्रा गंजलेला नव्हता, चीर नवी होती. गंज असेल तर पाना_बारा म्हणतात ते मान्य. ब्रेकचा मुद्दा तर बरोबरच आहे.

---

कुशावती

मला पार्ट्सचं विचारायचंय. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. आमच्याकडे केपे, कुडचड्याला वायर आणि बुश दुकानात मिळतात, पण अख्खी पेडल असेंब्ली मागितली की दुकानदार भंगाराकडे बोट दाखवतो. अल्टोची बसते, असंही एकाने सांगितलं. खरं का?

---

पाना_बारा

@कुशावती अल्टोची दिसायला जवळची वाटते, पण दिसण्यावर जाऊ नका. 800 मध्येही वर्षागणिक आणि मॉडेलगणिक फरक आहेत. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) असलेली आणि नसलेली गाडी, हाही एक. जुनं ब्रॅकेट हातात घेऊन दुकानात जायचं आणि नव्याच्या पाठीला पाठ लावून भोकाला भोक जुळवायचं. पेडलच्या दांड्याचा बाक, वायरचा हुक आणि ब्रेकच्या पिनेचं भोक, तिन्ही जुळली पाहिजेत. एकही जुळलं नाही तर घेऊ नका. भोक मोठं करून बसवून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.

भंगारातलं घ्यायला हरकत नाही, पण गाडी कशाने भंगारात आली ते विचारा. पुढून ठोकलेल्या गाडीचं ब्रॅकेट वाकलेलं असू शकतं. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतं का बघा. किनाऱ्यालगतच्या गाडीपेक्षा घाटावरच्या गाडीचं बरं, गंज कमी असतो. बेळगाव, कोल्हापूरला माल जास्त मिळतो. भंगारातला पत्रा घेतला तरी बुश, पिन, स्प्रिंग, स्प्लिट पिन आणि वायर नवीच टाकायची.

---

चोर्ला_उतार

ताई, बेळगावात ओळखीचा आहे. जुन्याचा चारी बाजूंनी फोटो आणि भोकांची मापं पाठवा, बघून आणतो. माझी गाडी नाही आणत, भाच्याची आणतो.

---

मांडवीकाठ

@चोर्ला_उतार दादा, देव बरे करो. मापं संध्याकाळी पाठवते.

@पाना_बारा काका, बसवायची पद्धत सविस्तर सांगाल का? भावाने आयटीआयत इंजिन उघडलंय, पण डॅशबोर्डखाली कधी गेलेला नाही.

---

पाना_बारा

सांगतो. भावाला वाचून दाखवू नका, त्यालाच वाचायला द्या. घाई असेल त्या दिवशी काम काढू नका.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ब्रेक लाइटचा स्विच तिथेच आहे आणि इग्निशनच्या वायरी शेजारून जातात. ड्रायव्हरची सीट बोल्ट काढून बाहेर घ्या. बरेच जण सीट ठेवून काम करतात आणि मग पाठ धरते. सीट काढली की उताणं झोपून वर बघता येतं, आणि हे सगळं काम वर बघूनच करायचं आहे.

वायर आधी गिअरबॉक्सकडून सोडायची. आर्मवरचा अ‍ॅडजस्टिंग नट माती आणि गंजाने धरलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट सैल झाला की वायरला ढील मिळते आणि मग आत पेडलच्या हुकातून टोक सहज निघतं. ढील न देता आतून ओढाताण केली तर बोटं चिरतात. तुमच्या वायरच्या तारा तशाही बाहेर आल्यात, हातमोजा घाला.

रिटर्न स्प्रिंग काढण्याआधी तिचा फोटो घ्या. कुठलं टोक कुठल्या भोकात आणि कुठल्या बाजूने, हे परत बसवताना आठवत नाही. नोज प्लायरने काढा, तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा.

आता ब्रेकची बाजू. इथे सावकाश. पेडल आणि पुशरॉड जोडणारी क्लेव्हिस पिन असते, तिला स्प्लिट पिन. स्प्लिट पिन सरळ करून काढा आणि फेकून द्या, ती पुन्हा वाकवायची नसते. पुशरॉडचा लॉक नट मात्र अजिबात हलवू नका. रॉडची लांबी बदलली तर एक तर ब्रेक धरून राहतील, नाही तर पेडल खोल जाईल. ब्रेक लाइटच्या स्विचचा प्लग काढा आणि स्विच किती आत आहे याची मार्करने खूण करा.

मग ब्रॅकेटचे नट. बूस्टरवाल्या गाडीत बूस्टरचे स्टड फायरवॉलमधून आत येतात आणि ब्रॅकेट त्यांच्यावरच बसलेलं असतं. म्हणजे आतले नट काढले की पलीकडे बूस्टर सुटतो. बॉनेटकडून कोणीतरी तो धरून ठेवायचा, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या नळ्यांवर येतं. वरचा एक बोल्ट डॅशबोर्डच्या फ्रेमला असतो. तोच सगळ्यात त्रासाचा. लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट लागेल, उघडा पाना तिथे फिरत नाही. जागा कमी वाटली तर स्टिअरिंग कॉलमचे बोल्ट सैल करून कॉलम थोडा खाली घ्या.

ब्रॅकेट बाहेर आलं की लगेच नवं आत घालू नका. मागची फायरवॉलची जागा इतकी उघडी परत कधी मिळत नाही. तारेच्या ब्रशने घासा, गंज खरवडा, रेड ऑक्साइड मारा, सुकू द्या, वर रंग द्या. वायर जाते त्या भोकाचं रबर कडक झालं असेल तर बदला.

नवं ब्रॅकेट बाकावर ठेवूनच जोडा. पिन पुसून कोरडी करा, बुश आत सरळ दाबून बसवा, हातोडीने ठोकू नका, प्लास्टिकचा बुश तडकतो. लिथियम ग्रीस बुशच्या आत, पिनेवर आणि दोन्ही बाजूंच्या वॉशरना. पेडल पिनेत घातल्यावर स्प्रिंग न लावता वर उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे आणि आडवं हलता कामा नये. अडकत असेल तर इथेच सोडवा. गाडीत बसल्यावर ते पायाला कळेल आणि तुम्ही वायरला दोष द्याल.

आत बसवताना सगळे नट आधी हाताने चढवा, मग आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर ब्रॅकेट तिरकं ओढलं जातं. ब्रेकची क्लेव्हिस पिन, तिला नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय उलट्या दिशांना वाकवून. ती लागली की लगेच मोबाइलवर फोटो काढा. माझ्या गॅरेजात हा नियम आहे, फोटो नसेल तर गाडी बाहेर जात नाही.

वायर : हुकात चिमूटभर ग्रीस, बाहेरचं कवच फायरवॉलच्या बैठकीत पूर्ण बसलंय ना ते बघा, पुढे मोठा गोल वळसा घेऊन जाऊ द्या, एक्झॉस्टपासून लांब. मग गिअरबॉक्सकडच्या नटाने फ्री प्ले. इंजिन बंद ठेवून पेडल बोटाने दाबायचं. जड लागायच्या आधी जितकं सहज खाली जातं तो फ्री प्ले. 800 ला 15 ते 25 मिमीच्या आसपास ठेवतात. तुमच्याकडे गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलाच आकडा धरा. स्टीलची पट्टी फायरवॉलला टेकवून मापा, अंदाज नको. कमी ठेवलात तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट घसरून जळते. जास्त ठेवलात तर आज आहे तीच करकर.

पेडल दहावीस वेळा पूर्ण दाबा आणि परत मापा. नवी वायर पहिल्यांदा बसते.

---

शिकवणी_गाडी

वर सगळं आलंय, एक जोड देतो. आमचं म्हापशाला ड्रायव्हिंग स्कूल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 24 प्रमाणे मोटरसायकल सोडून शिकवणीच्या गाडीला दुहेरी कंट्रोल लागतात. म्हणजे शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक. ते दुसरं पेडल वायरने किंवा दांड्याने ड्रायव्हरच्या पेडलला जोडलेलं असतं. शिकणाऱ्याचा आणि शिक्षकाचा, दोघांचा जोर त्याच एका ब्रॅकेटवर येतो, त्यामुळे आमच्या गाड्यांत बुश लवकर जातो.

कोणी शिकवणीची जुनी 800 विकत घेतली असेल तर दुसरी पेडलं काढताना ड्रायव्हरकडचा जोड पूर्ण निघालाय याची खात्री करा. अर्धवट राहिलेली क्लिप किंवा वायर पेडलला किंचित खाली ओढून धरते. फ्री प्ले हरवतो आणि माणूस प्लेट बदलत बसतो. जोड काढल्यावर मगच फ्री प्ले मापायचा.

फेरीबद्दलही सांगतो, ताई. आम्ही शिकवताना उतारावर क्लचवर गाडी धरू देत नाही. हँडब्रेक ओढायचा, पुढची गाडी सरकली की क्लच उचलेपर्यंत आणायचा आणि हँडब्रेक सोडायचा. रोज फेरी करणाऱ्याची प्लेट त्याने खूप टिकते.

---

मांडवीकाठ

झालं! चोर्ला_उतार दादांनी ब्रॅकेट आणलं, भोकं तंतोतंत जुळली. बुश, पिन, वायर, स्प्रिंग म्हापशाच्या दुकानातून नवीन घेतल्या.

पाना_बारा काकांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या बोल्टनेच सगळ्यात जास्त वेळ घेतला. भाऊ सीटच्या जागी उताणा, मी बॉनेटकडून बूस्टर धरून. जुना बुश हातात घेतला तेव्हा कळलं पेडल का झुकत होतं. एका बाजूने तो कागदाएवढा पातळ झाला होता आणि मधलं गोल भोक लांबट झालं होतं. पिनेवरही त्याच बाजूला खाच पडलीय, नख अडकतं. जुनं ब्रॅकेट अंगणात ठेवून भावाने हाताने वाकवलं तर चिरलेला कान निखळूनच आला. बाबांनी ते उचलून बघितलं आणि टाक्याचा विषय तिथेच संपला.

फायरवॉलला रेड ऑक्साइड मारून रात्रभर सुकू दिलं. फ्री प्ले पट्टीने मापून 20 मिमी ठेवलाय. पेडल हलकं झालंय, आवाज नाही, रिव्हर्स गुपचूप पडतो. आज फेरीला हँडब्रेकने चढले, शिकवणी_गाडी यांनी सांगितलं तसं.

एक अडचण मात्र आहे. ब्रेकवर पाय नसतानाही मागचे लाल दिवे चालू राहतात. स्विच खुणेवरच बसवलाय.

---

पाना_बारा

शाबास, भावालाही सांगा. दिव्यांचं कारण सोपं आहे. खूण जुन्या ब्रॅकेटप्रमाणे होती, नव्याचा पत्रा केसभर मागेपुढे असतो. स्विचचा लॉक नट सैल करा आणि स्विच पेडलच्या दिशेने थोडा थोडा पुढे घ्या. पेडल मोकळं असताना त्याची दांडी स्विचचं बटण दाबून धरते आणि दिवे विझतात. पेडल जरा दाबलं की बटण सुटतं आणि दिवे लागतात. दिवे विझले की तिथे थांबायचं. जास्त पुढे घेतलात तर स्विचच पेडलला ढकलून धरेल आणि ब्रेक हलके लागून राहतील. नंतर दोनेक किलोमीटर चालवून चारही चाकांच्या जवळ हात न्या, एखादं जास्त तापलंय का बघा.

आज दिवे सुधारल्याशिवाय गाडी रस्त्यावर नको. मागच्याला तुम्ही ब्रेक मारलेला कळणार नाही.

---

मांडवीकाठ

भावाने लगेच केलं. आता पेडल जरा दाबलं की दिवे लागतात, सोडलं की जातात. चाकं थंड आहेत.

काचेचं रबरही बदलून घेतलं. तो माणूस म्हणाला, रबर बदलून अर्धंच काम होतं. वायपरखालच्या जाळीत फणसाची पानं कुजून चिखल झाला होता, पाणी जायची भोकं बुजली होती आणि तुंबलेलं पाणी आत उतरत होतं. सगळं काढून पाइपने पाणी सोडून बघितलं, आता चाकांमागून खाली जातं. नमदा काढून उन्हाला टाकलाय, ऊन पडेल तेव्हा. गाडीची जागाही बदलली, आता माडाखाली नाही आणि फणसाखालीही नाही, पडवीच्या कडेला.

---

कुशावती

वाचून माझ्या गाडीची जाळी उघडली. तिथेही तोच चिखल. माझ्या ब्रॅकेटला अजून चीर नाही, गंज सुरू झालाय. पाऊस संपला की काढून रंगवून घेते.

---

पाना_बारा

@कुशावती चीर नसेल तर पावसाळाभर थांबायला हरकत नाही, पण बुशला ग्रीस आत्ताच करा. नुसतं फवाऱ्याचं तेल मारून सोडू नका. आवाज जातो, पण ते उरलेलं ग्रीस धुऊन काढतं आणि महिन्याभरात पिन कोरडी पडते.

@मांडवीकाठ ताई, नव्या वायरचा फ्री प्ले काही आठवड्यांनी परत मापा. वाढलेला दिसला तर नट थोडा आत घ्या. नंतर दर सर्व्हिसला.

---

चोर्ला_उतार

माझंही कळलं. रबरी टोपी ओली होती, मास्टर सिलिंडरच गेला. मेकॅनिक म्हणतोय मास्टर बदलतोच आहोत तर पेडलची असेंब्लीही बदलू. गरज आहे का?

---

पाना_बारा

पेडल आडवं हलत नसेल आणि ब्रॅकेटला चीर नसेल तर नाही. क्लेव्हिसचं भोक आणि पिन मात्र काढून बघा. ताईंच्या बुशसारखं भोक लांबट झालं असेल तर तेवढा भाग आणि पिन बदला. नाहीतर नव्या मास्टरलाही पूर्ण चाल मिळणार नाही. गळलेलं तेल पेडलच्या बुशवर उतरलं असेल तर पुसून काढा आणि नवं ग्रीस भरा. मास्टर बसल्यावर हवा पूर्ण काढून घ्या, बाटलीत नळी बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत. पेडल पहिल्याच दाबाला घट्ट लागलं की मग घाटात जा.